आठ पंपांची एक काच

दोन हजार बावीस साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो आणि आमच्या कारखान्यातल्या आठही पंपांच्या तेलाचा मी एकटा धनी होतो. धनी म्हणजे मालक नव्हे. मालक वेगळा, तो जळगावहून गाडीत येतो. पण पंपात कोणतं तेल, किती आणि कधी, हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक व्हावं असं मलाही कधी वाटलं नाही. खोटं कशाला बोलू.

कारखाना नशिराबादच्या पुढे, हायवेला लागून. आम्ही केळीचे वेफर्स करतो. गाडीवर उघड्या कढईत तळतात तसे नाही. आमच्या कढया बंद झाकणाच्या. झाकण बसलं की पंप आतली हवा ओढून घेतात, आणि हवा गेली की केळीतलं पाणी थोड्या आचेवरच उडून जातं. काप करपत नाही, पिकल्या केळीचासुद्धा पिवळाजर्द राहतो. चार कढया, एकेका कढईला दोन पंप, असे आठ.

आता या पंपाच्या पोटात तेल असतं. तळायचं नव्हे, यंत्राचं. ते कमी झालं की आतली पाती कोरडी घासतात आणि पंप जाम होतो. केळीची वाफ आत शिरली तर तेल ताकासारखं पांढरं होतं, ते काढून नवं भरावं लागतं. म्हणून प्रत्येक पंपाच्या अंगाला रुपयाएवढी गोल काच बसवलेली असते. काचेत तेलाची रेघ दिसली पाहिजे. मी रोज सकाळी आठ वेळा उकिडवा बसायचो, आठ काचा बघायचो, आठ वेळा गुडघ्यावर हात टेकून उठायचो. त्यात पंप तीन वेगवेगळ्या वेळी घेतलेले, म्हणून तेलंही तीन जातींची. तीन कॅन. मी चौथीपर्यंत शिकलो, कॅनवरचं बारीक इंग्रजी मला काय कळणार? पण धरणगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तेलवाला म्हणून उमर काढलेला माणूस मी. दोन बोटांत थेंब चोळायचा, नाकाला लावायचा, की कळलं. इंजिनिअर आले आणि गेले, पण तेल माझ्या बोटांनाच विचारून ओतलं गेलं.

केळी सोलणाऱ्या बायांत एक अक्का होती. शिंदखेड्याकडची, बोलणं अहिराणी, तोंडाची तिखट. मी उठबस करायला लागलो की सोलता सोलता तिचं सुरू व्हायचं.

"आबा, तठे काय देव बठेल शे का? रोज आठ ठिकाने पाया पडतस!"

"तू केळी सोल. यंत्राजवळ बाईमाणसाचं काम नाही."

"ते बी खरं शे. यंत्रले म्हातारा मानूसच लागस. दोन्ही सारखंच कुरकुरतस!"

बाया हसायच्या. मी ऐकलंच नाही असं दाखवायचो.

त्या वर्षी चैत्र संपता संपता पाच नंबरचा पंप जाम झाला. कढईत माल तसाच राहिला आणि काळा पडला. आमच्या इंजिनिअर मॅडम धावत आल्या. पोरगी धुळ्याची, वय माझ्या नातीएवढं, पण हात काळे करायला मागेपुढे बघायची नाही. तिनं विचारलं, "आबा, सकाळी तेल होतं?"

"होतं. डोळ्यांनी पाहिलं. रेघ बरोबर मध्यावर होती."

तिनं फडकं घेतलं आणि काच बाहेरून पुसली. रेघ तशीच. मग तिनं काचेची चौकट खोलली आणि आतून पुसली. रेघ गेली. तेल नव्हतंच. कधीचं जुनं तेल त्या उंचीवर राहून काचेला डाग पडला होता, आणि त्या डागाला मी रेघ समजून बसलो होतो. मागे दहा-बारा माणसं उभी होती. अक्काही होती, पण त्या वेळी ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

"तेलच भेसळीचं आलंय," मी म्हणालो. "एका रात्रीत उडून गेलं."

यंत्राचं तेल एका रात्रीत उडत नाही, हे मला ठाऊक होतं आणि मॅडमलाही ठाऊक होतं. पण म्हटलं ते म्हटलं.

मालकानं संध्याकाळी बोलावून घेतलं. म्हणाला, "आबा, तुमचं वय झालं. आखाजी झाली की तुम्ही गेटवर बसा. खुर्ची देतो, पंखा देतो. पंप बघायला जळगावचा ठेकेदार माणूस पाठवेल."

खुर्ची! ज्या माणसानं आयुष्यभर चालत्या यंत्रात हात घातला, त्याला खुर्ची. मी बाहेर पडलो. खरं कारण माझ्या घरी, आरशाच्या मागे खोचलेलं होतं. वर्षापूर्वी लेकीकडे धुळ्याला गेलो होतो, तेव्हा तिनं बळंच डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन, मग दुसऱ्याचं, आणि महिना-दीड महिना धुळीत, तेलात जायचं नाही, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. महिना-दीड महिना! माझे आठ पंप कोणाच्या हाती देऊ? ज्याच्या हाती देईन तोच मग तिथला होऊन बसेल. कागद आरशाच्या मागे गेला. लेक बाहेर बसली होती, तिला सांगितलं, डॉक्टर म्हणाले वय झालं की असं होतंच.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाच-सहा दिवस होते. लेक येणार म्हणून ओसरीला फरशी टाकायला घेतली होती. कामावर मन लागेना, म्हणून सुट्टी टाकून मी मिस्तरीच्या हाताखाली राहिलो. त्याला लेव्हल घ्यायची होती. ती कशी घेतात हे गावात सगळ्यांना माहीत. दहा-बारा हात लांब, आरपार दिसणारी नळी, तिच्यात पाणी. एक टोक इकडे धरायचं, एक तिकडे. नळी मध्ये कितीही वेडीवाकडी पडू दे, पाणी दोन्ही टोकांना एकाच उंचीला थांबतं. तिथं पेन्सिलीनं खूण करायची.

मी माझं टोक धरून उभा. मिस्तरी पलीकडून ओरडला, "आबा, तुमच्याकडं पाणी फार वर दाखवतंय!"

"मग तुझी भिंत खाली असंल."

"भिंत नाही हो खाली! अंगठा काढा. नळीच्या तोंडावर अंगठा ठेवलाय तुम्ही. हवा कोंडली की पाणी खोटं बोलतं."

अंगठा काढला. पाणी डुचमळलं, खाली आलं आणि स्थिर झालं. तिकडेही स्थिर. मिस्तरीनं खूण केली आणि पुढच्या कोपऱ्याला गेला. मी तसाच उभा. हातातल्या नळीकडे बघत राहिलो. एवढं मला जवळून दिसत होतं. पाणी या टोकाला जेवढं, तेवढंच त्या टोकाला. मग टोकं दोनच कशाला? आठ का नाही? पाणीच कशाला? तेल का नाही?

आठ पंपांची पोटं खालून एका नळीनं जोडली, तर आठांत तेल एकाच उंचीला राहील. मग काचा आठ कशाला? एक पुरे! एकाच ठिकाणी बघायचं, एकाच ठिकाणी ओतायचं!

अंगातून अशी सणक गेली की मी नळी पाण्यासकट गळ्यात टाकली आणि सायकल काढली. मिस्तरी मागून बोंबलतोय, "आबा, माझी नळी! ओ आबा!" चैत्राचं ऊन टाळूवर, पाणी सदऱ्यात गळतंय, आणि मी हायवेच्या कडेनं असा पायडल मारतोय जशी कोणी पैज लावली होती.

मॅडम पंपाजवळच होत्या. मी काही न सांगता नळीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. "धरा. आता वर करा. आता खाली करा." त्या आधी गोंधळल्या. मग नळीकडे बघितलं, मग पंपांच्या रांगेकडे बघितलं, आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

"आबा... सगळ्यांना एकच टाकी?"

"एकच टाकी, एकच काच."

त्या शिकलेल्या, म्हणून लगेच नाही नाचल्या. जिन्याच्या पायरीवर बसून एकेक अडचण काढू लागल्या. तेलं तीन जातींची, एका नळीत कशी चालतील? पंप खाली-वर बसवलेले, खालच्यात तेल ओसंडेल. आणि एकाच्या तेलाचं ताक झालं तर आठांचंच होईल.

शेवटच्या दोन्हींना माझ्याकडे उत्तर होतं. सगळे पंप कमरेइतक्या उंच एकाच लोखंडी घोडीवर घ्यायचे, लेव्हल लावून. प्रत्येकाला आपला कॉक, एक बिघडला तर तेवढा बंद. आणि टाकी निमुळत्या बुडाची करायची. रात्रभर यंत्र थंड झालं की पाणी जड, ते बुडाशी बसतं. सकाळी खालचा कॉक उघडायचा, पाणी निघून जातं, तेल दिसलं की बंद. पहिली अडचण मात्र माझ्या बोटांच्या बाहेरची होती. मॅडमनी दोन दिवस पंप बनवणाऱ्यांकडे फोन केले, पुस्तकं चाळली, आणि सांगितलं की आठांनाही चालेल असं एकच तेल आहे.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. "मग माझी तीन वासांची विद्या?"

"आबा, विद्या राहू द्या तुमच्याकडे. कॅन दोन कमी करू."

मालक आधी हसला. मॅडमनी त्याच्याही हातात नळीचं टोक दिलं. त्यानं तीन-चार वेळा खाली-वर केलं, लहान मूल करतं तसं, आणि म्हणाला, "आखाजीला दोन दिवस कारखाना बंदच आहे. त्यात करा. झालं तर झालं. नाही झालं तर आबा गेटवर, मग माझ्याशी हुज्जत घालायची नाही."

"गेटवर सुद्धा नाही," मी म्हणालो. "घरी जाईन." तोंडातून गेलं ते गेलं.

त्या दोन दिवसांत गावात पोरी झोके घेत होत्या, गाणी कानावर येत होती, घरी लेक आली होती, पुरणपोळी, आमरस झाला होता, आणि मी, मॅडम, एक फिटर आणि एक वेल्डर घोडीवर पंप चढवत होतो. साखळी-पुली लावून एकेक उचलला, दुरुस्त होऊन आलेला पाच नंबरसुद्धा. लेव्हल मिस्तरीच्याच नळीनं घेतली, त्याला बोलावून. तो नळी परत न्यायला म्हणून आला आणि दोन्ही दिवस तिथंच राहिला. "आता बघूनच जातो," म्हणाला. टाकीला हातभर उंच उभी काच लावली, आत लाल रंगाची एक हलकी गोळी सोडली, तेलावर तरंगणारी. गोळी दारातूनही दिसावी म्हणून. तेल कुठवर हवं त्या खुणेसाठी रंग शोधत होतो, तो तेलानं जायला नको. सणाचं गोडधोड घेऊन अक्का डोकावली होती. तिनं पिशवीतून नखपॉलिश काढलं.

"हाई ल्या. मनी नात लावस. आठ दिवस भांडा घासीसन बी जात नही."

मॅडमनी काचेवर लाल रेघ ओढली.

तिसऱ्या दिवशी सगळा कारखाना पंपघराच्या दाराशी. मालक आला. मी टाकीत तेल ओतलं. गोळी हळूहळू वर चढली आणि मॅडम म्हणाल्या, "रेघेवर!" बाया टाळ्या वाजवायला लागल्या. मी म्हटलं, थांबा, अजून चालू कुठं केलंय.

एक चालू. दोन, तीन, चार. सगळे आठ. माझं मन आठही आवाजांवर नाचत होतं. काय लागला होता तो सूर! आणि तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "आबा, गोळी वर सरकतेय."

तेल कोणी ओतलेलं नाही आणि गोळी वर. म्हणजे कुठल्यातरी पंपातलं तेल निघून इकडे येतंय. मॅडम बॅटरी घेऊन एकेक काच बघायला लागल्या. मला काच दिसत नव्हती. पण मी ऐकत होतो. सात पंपांचा आवाज ओला होता. एकाचा कोरडा व्हायला लागला होता, घशाला शोष पडल्यासारखा.

"तीन नंबर!" मी ओरडलो. "तीन बंद करा!"

फिटरनं बटण दाबलं. मॅडमनी तीनच्या काचेवर बॅटरी धरली. तेल तळाला गेलेलं. आणखी दोन मिनिटं, की पाच नंबरसारखा तीन नंबरही जाम झाला असता.

"झालं," मालक म्हणाला. रागानं नाही, आणि तेच जास्त लागलं.

मी घोडीला हात टेकून उभा. पाणी खोटं बोलत नाही. तेल कसं खोटं बोललं? तीन नंबरनंच का तेल ढकललं? मी त्याच्या वरच्या तोंडाला हात लावला, जिथून हवा फिल्टरमधून बाहेर पडते. चटका बसेल इतकं गरम. हवा बाहेर पडत नव्हती, फिल्टर चोंदला होता. हवा आतच कोंडली आणि तेलाला खाली दाबत बसली.

मी मागे वळलो. मिस्तरी गर्दीत उभा होता. त्याचं तोंड उघडं होतं. आम्ही दोघं एकदमच ओरडलो,

"अंगठा!"

मालकाला काही समजेना. मी मिस्तरीच्या हातातली नळी ओढली, टोकावर अंगठा ठेवून दाखवला, काढून दाखवला. "तीन नंबरनं अंगठा ठेवलाय! नळीचं तोंड मोकळं पाहिजे, तर पाणी खरं बोलतं. आपण खालून तेलाला तेल जोडलं, वरून हवेला हवा जोडलीच नाही!"

मॅडमनी कपाळावर हात मारला. "वरूनही एक नळी. आठही पंपांच्या डोक्यांना, टाकीच्या डोक्यालाही. एकाचा फिल्टर चोंदला तरी हवा सगळ्यांत सारखी वाटली जाईल."

फिटर, वेल्डर, सगळे पुन्हा चिकटले. दुपारची जेवणं तिथंच, उभ्यानं, भाकरीवर मिरचीचा ठेचा घेऊन. मिस्तरी फिटरला हुकूम सोडत होता. चारच्या सुमारास वरची नळी बसली. तीन नंबरचा चोंदलेला फिल्टर मी मुद्दाम तसाच ठेवायला सांगितला. मॅडम म्हणाल्या, "आबा, नवा टाकू ना." मी म्हटलं, नाही. खोडी करणाऱ्यासमोरच परीक्षा होऊ द्या.

आठ चालू झाले. मी डोळे मिटले. आठही ओले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पाव तास. मॅडम नुसत्या म्हणत होत्या, "रेघेवर. रेघेवर. आबा, रेघेवर!" कढईत माल सोडला. झाकण उघडलं तेव्हा हळदीत घोळल्यासारखे पिवळे काप निघाले. मालकानं पहिली मूठ मला दिली. गेटचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. मिस्तरी सगळ्यांना सांगत सुटला होता की नळी त्याची आहे. मी म्हटलं, आहेच तुझी, ने आता.

सगळे पांगले तरी मी तिथंच, फडकं खांद्यावर टाकून. छाती अशी फुगलेली की सदऱ्याची गुंडी तुटावी. अक्का डबा घासून परत येत होती. दाराशी थांबली.

"आबा, लाल गोयी कथी शे आते? रेघना वर, का खाले?"

"रेघेवर. बरोबर रेघेवर."

ती आत आली, काचेजवळ गेली, आणि हळू आवाजात म्हणाली, "पंप बंद शेतस, आबा. मॅडमनी पानी देखाकरता तेल थोडं काढेल शे. गोयी चार बोटं खाले शे."

मी काचेकडे बघितलं. मला लाल दिसत होतं. रेघही लाल, गोळीही लाल, सगळं मिळून एक लाल.

"कोनले नही सांगनार मी," ती म्हणाली. "पन तुम्ही तरी सांगा." आणि डबा घेऊन निघून गेली. जाताना टोमणा मारला नाही.

घरी गेलो. लेक दुसऱ्या दिवशी सासरी निघणार होती, पिशव्या भरत होती. रात्री मला झोप लागली नाही, पण ती काळजीनं नव्हे. आठ पंप नळीसारखे डोक्यात फिरत होते. जिथं आठ काचा होत्या तिथं एक झाली होती. आठ काचा बघायला माझ्यासारखा माणूस लागत होता. एक काच बघायला कोण लागतं? ज्याला दिसतं तो. इतके दिवस मी ज्याला भीत होतो तेच मी स्वतःच्या हातानं करून ठेवलं होतं, आणि गंमत अशी की मला त्याची भीती वाटत नव्हती. हसू येत होतं.

सकाळी मी पहिल्या पाळीच्या आधी कारखान्यात गेलो. टाकीचा खालचा कॉक उघडला. वाटीभर पाणी आलं, मग तेल आलं, बंद केला. कमी पडलं तेवढं तेल ओतलं. अक्का आली तशी तिला केळीच्या ढिगावरून उठवून आणलं आणि काचेसमोर उभं केलं.

"सांग, कुठं आहे?"

"रेघवर शे."

"वर गेली तर?"

"वरन्या नयीले हात लाई देखानं. मॅडमले हाका मारानी."

"खाली गेली तर?"

"तेल टाकानं. आनि तुमले शिव्या द्यान्या."

फडकं तिच्या खांद्यावर टाकलं. मग मॅडमकडे गेलो आणि उभ्यानंच सांगितलं, "पाच नंबर तेलानं नाही गेला. माझ्या डोळ्यांनी गेला. मालकाला सांगायचं तर सांगा. दीड महिना येणार नाही." त्यांना बोलू दिलं नाही, नाहीतर मला रडू आलं असतं. घरी येऊन आरशाच्या मागचा कागद काढला, लेकीच्या दोन्ही पिशव्या उचलल्या आणि तिच्याबरोबर धुळ्याच्या एसटीत बसलो.